उदाहरण

"आमच्या टीमने खूप मेहनत घेतली, मॅडम," शार्दूल परीक्षक बाईंना सांगत होता आणि मी दातओठ खात लॅपटॉपवर स्लाइड पुढे सरकवत होते.

टीमने म्हणे! प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या एमबीएचं हे शेवटचं सबमिशन. त्यासाठी भर उन्हात बांधकामांच्या साइटवर फिरले मी. रिपोर्टही मीच लिहिला. हे तिघे नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे दाखवत बसले.

"कामाची वाटणी कशी केलीत?" बाईंनी विचारलं.

"मी लीडर. हे दोघं रिसर्चला आणि ही टायपिंगला," तो हसत म्हणाला. "हिचा स्पीड चांगला आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची स्लाइड होती प्रोजेक्टमधल्या धोक्यांची. पहिलाच धोका, मुख्य माणूस मध्येच निघून जाणे.

"असं झालं तर काय होतं? उदाहरण द्या," बाई म्हणाल्या. शार्दूलने सवयीने माझ्याकडे पाहिलं.

मी प्रोजेक्टरची वायर खसकन उपसली. भिंतीवरचा पडदा निळा पडला. लॅपटॉप काखेत मारून मी थेट दाराकडे निघाले.

"अगं, थांब ना!" तो मागून ओरडला. "पुढे काय बोलायचं ते तरी सांगून जा!"