मन मोकळं करायचा तास

वसतिगृहातल्या पोरींचं मन मोकळं व्हावं म्हणून संस्थेने हौशी बायका नेमल्या होत्या. सगळ्यात धाकटीच्या वाट्याला आलेल्या बाई दर बुधवारी पर्स मांडीवर घेऊन बसायच्या, "बोल गं राणी" म्हणायच्या आणि पोरीने तोंड उघडायच्या आत स्वतःच्या जावेचं रडगाणं सुरू करायच्या. तासाभराने नाक पुसून वहीत लिहायच्या, 'मुलगी आता मोकळेपणाने बोलते.'

वर्षअखेरीस उत्तम श्रोता म्हणून सत्कार झाला तोही याच बाईंचा! अध्यक्षांनी कौतुकाने पोरीच्या हातात माइक दिला. "सांग बाळ, बाईंशी काय काय बोललीस?"



"अजून काहीच नाही. त्यांचं जावेशी पटलं की बोलणार आहे. फक्त मला सुट्टीत काकांकडे पाठवायच्या आत पटायला हवं."