शेवटचा सा

भिंतीवरच्या लाल आकड्यांच्या पाटीवर त्रेचाळीस लागले होते. म्हणजे पाणी खात्याच्या तक्रार खोलीबाहेर, कुठे कुठे, त्रेचाळीस माणसं फोन कानाला लावून ताटकळत होती. नळाला पाणी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पण साहेबांच्या मते या त्रेचाळिसांना जबाबदार होता एकच माणूस. मीटरवाला.

तो समोरच बसला होता, मांडीवर व्हायोलिनची पेटी घेऊन, नव्या जावयासारखा ऐसपैस. दिवसा तो याच खात्यात घरोघरचे मीटर वाचायचा. संध्याकाळी हॉटेलात, पार्टीत, जिथे बोलावतील तिथे व्हायोलिन वाजवायचा. फोनवर थांबलेल्या लोकांना ऐकवायची धूनही त्यानेच गेल्या महिन्यात वाजवून दिली होती, आणि तिचे पैसेही खिशात घातले होते.

साहेबांचं दुखणं सरळ होतं. आधी एक रेडीमेड टुंगटुंग वाजायचं. माणूस दोन मिनिटांत वैतागून फोन आपटायचा आणि तक्रार आपोआप मिटायची. आता कुणी फोन ठेवतच नाही. अर्धा अर्धा तास थांबतात. थांबले की त्यांना उत्तर द्यावं लागतं. खोलीत फोन घेणाऱ्या तिघीजणींचे घसे बसले होते, आणि वरच्या ऑफिसातून विचारणा आली होती की तुमच्याच शाखेत एवढ्या तक्रारी कुठून उगवल्या.

"मला अशी धून दे, की मिनिटभरात माणसाने फोन ठेवला पाहिजे," साहेब म्हणाले. "दिलीस तर अकराच्या अकरा शाखांचं काम तुझं. नाहीतर ते टुंगटुंग परत लावतो."

अकरा शाखा. मीटरवाल्याच्या बायकोने घरात वॉशिंग मशीनसाठी एक कोपरा टेप लावून मोजून कधीच रिकामा करून ठेवला होता. येताजाता ती आधी त्या कोपऱ्याकडे बघायची आणि मग याच्याकडे.

दुसरा कुणी असता तर गांगरला असता, नाहीतर कलेवर भाषण देत बसला असता. हा गालातल्या गालात हसला. नवी धून कशाला, म्हणाला, हीच दुरुस्त करून देतो, इथे, तुमच्यासमोर. पैसे मात्र नव्या धुनेचे. आणि आधी अकरा शाखांच्या कागदावर सही.

साहेब म्हणाले, आधी ऐकू तर दे.

त्याने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि गज फिरवला. धून निघाली, रमतगमत चढत गेली, सा रे ग म करत थेट नीपर्यंत पोचली, आणि तिथेच थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा नी, पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही. इथून परत सुरू."

"असं कसं? ते संपलंच नाही."

"संपत नाही म्हणून तर माणूस फोन ठेवत नाही," मीटरवाला म्हणाला. "शेवटचा सा मी वाजवलेलाच नाही."

फोनवरच्या तिघींत वयाने मोठ्या म्हणून सगळ्यांच्या मावशी असलेल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "मेल्या, महिनाभर मला झोप नाही. मी बीपीची गोळी सुरू केली रे."

साहेबांना मात्र भाव पटेना. एका सुराचे एवढे पैसे? त्यावर मीटरवाला नम्रपणे म्हणाला की बाकीचे सूर आधीच तुमच्याकडे आहेत, ते काही मी परत मागत नाहीये.

साहेबांनी कागद बाजूला सारला. पण टेबलाखाली त्यांचा पाय ठेका धरून बसला होता आणि दर वेळी त्याच जागी अडत होता. त्यांनी हळूच गुणगुणून सा स्वतःच लावून पाहिला. तो असा काही लागला, की दोन नंबरच्या फोनवरची मुलगी तोंडावर रुमाल धरून वळली. साहेबांनी कागद परत ओढला आणि सही ठोकली. शिक्क्यासकट.

मीटरवाल्याने कागदाची घडी पेटीच्या अस्तरात सरकवली. मावशींनी बटण दाबलं. आता माईकवर वाजेल ते ताटकळलेल्या प्रत्येकाच्या कानात जाणार होतं. त्याने धून चढवत नेली. नी आला. त्याने तो मुद्दाम जरा ताणून धरला, सगळ्यांकडे एकवार बघून घेतलं, आणि मग अगदी अलगद सा लावला.

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरची पावती उडाली. पाटीवर त्रेचाळीसचे एकतीस झाले. एकतीसचे नऊ. मग शून्य. त्या खोलीत शून्य आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साहेबांनी खूश होऊन सगळ्यांसाठी चहा सांगितला.

चहा यायच्या आत पाटीवर एक आला. मग चार. मग सतरा. तिन्ही फोन एकदम वाजायला लागले आणि आकडा पन्नाशी ओलांडून गेला.

साहेबांनी सावकाश मान वळवून मीटरवाल्याकडे पाहिलं.

तो पेटीच्या कड्या लावत होता. "माझ्याकडे सूर अडला होता साहेब, तो मी सोडला," तो म्हणाला. "आता पाणी कुणाकडे अडलंय ते तुम्ही बघा. दहा दिवस दारोदार फिरतोय, निम्म्या मीटरांचे काटे हललेले नाहीत. माझ्या घरचासुद्धा."