ठगाच्या तीन खुणा

ऑनलाइन ठगांच्या हल्ल्यानंतर कचेरीचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांनी गाळणी इतकी कडक केली होती, की साहेबांचे हुकूमसुद्धा तीत अडकत. आज अडकलेले मेल पडद्यावर दाखवून ते कर्मचाऱ्यांना शहाणं करत होते. "अनोळखी पत्ता, भलती घाई, नात्याचा गोडवा. एवढं दिसलं की ठग समजायचा." लेसरचा लाल ठिपका पुढच्या मेलवर गेला. 'बाबा, फोन हरवलाय, अडचणीत आहे. घरी येऊ का? उद्यापर्यंत सांगा.' कारकूनबाई हसल्या. "आम्ही काका म्हणतो, ठगाने थेट बाबाच केलं." काकांनी हसत मेल वर सरकवला. खाली सही होती: तुमची टिटवी. घर सोडून गेलेल्या लेकीला या नावाने फक्त काकाच हाक मारत. ठिपका मेलच्या तारखेवर गेला: बावीस दिवसांपूर्वीची. त्यांनी सगळ्यांसमोर उत्तर पाठवलं, 'ये.' सर्व्हरने ते परत केलं: हा पत्ता आता बंद आहे.