व्हॅनमधली शेवटची जागा

"सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही, म्हणून मी सांगतच नाही," असं म्हणत मामांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. म्हणजे आता अर्धा तास तरी पुढ्यातल्या सोफ्याला हातोडी लागणार नव्हती.

उद्या मैदानावरच्या संगीत महोत्सवाला सोफ्यांच्या कारखान्याची व्हॅन जाणार होती. एकच जागा उरली होती. ड्रायव्हर यादी घेऊन उभा होता, आणि शिलाई मशीनवरच्या ताईने नुकतंच विचारलं होतं, "मी येऊ का?" मामांचा बेत वेगळा होता. जागा कुणीच घेतली नाही, तर 'वाया कशाला घालवायची' म्हणत नाइलाज दाखवून आपण बसायचं.

"ताई, तुझ्या भल्याचं सांगतो. गेल्या वर्षी चिखल असा, की माझा डावा बूट आत गेला तो अजून खालीच चाललाय. डास चिमणीएवढे. एकाने तर टोपी पळवली. संडासाच्या रांगेत दाढी करून उभा राहिलो, नंबर लागला तेव्हा पुन्हा करायची वेळ आली होती."

"मग उठून घरी यायचं ना," ताई सुईत दोरा ओवत म्हणाली.

"निघालोच होतो. तेवढ्यात पावसाने माइक बंद पडला. गाणाऱ्या बाई स्टेजच्या कडेला आल्या आणि नुसत्या गळ्याने गायला लागल्या. वीस हजार माणसं, पण एक जण खोकला नाही. शेजारच्याने त्याची अर्धी ताडपत्री माझ्या डोक्यावर धरली. कोण, कुठला, काही माहीत नाही. दोघंही ढसाढसा रडत होतो. पाऊससुद्धा थांबला. स्वतःच्या आवाजात त्यालाही गाणं ऐकू येत नव्हतं ना."

मशीन बंद होतं. ड्रायव्हरच्या हातातली यादी खाली आली होती.

मामा भानावर आले. "तर असे हाल. मी काही पुन्हा त्या वाटेला जायचा नाही."

"मामा, बूट पटला, डास पटले, पाऊस थांबला तेही पटलं," ताई म्हणाली. "पण पुन्हा जाणार नाही म्हणालात ना, ती थाप आहे. ए ड्रायव्हरदादा, दोघांचीही नावं लिही. एका जागेत बसू. अंग आखडलं तर आखडू दे."