आहे तशीच दाखवा

“ही माझी मुलगी नाही,” बाई म्हणाली.

पडद्यावर तिच्याच लेकीचा फोटो होता. सकाळी तिनेच आणून दिलेला. पण चेहऱ्यावर पिठाचा हात फिरवल्यासारखा तो पांढुरका झाला होता. नाक बारीक केलं होतं. ओठ गुलाबी केले होते.

“थोडा उजळलाय, एवढंच,” वाहिनीचा प्रोड्यूसर म्हणाला. “स्क्रीनवर गडद चेहरा उठून दिसत नाही. लोक चॅनेल बदलतात.”

बाई दोन शहरांमधली बस चालवायची. ड्युटी संपवून गणवेशातच आली होती. तिची लेक कॉलेजला म्हणून निघाली ती परतलीच नव्हती. पोलिसांनी “गेली असेल कुणाबरोबर, येईल” म्हणून हात झटकले होते. त्याच आठवड्यात टेकडीवरच्या एका डॉक्टरांची गोरीपान मुलगी नाहीशी झाली. तिच्यासाठी कुत्री निघाली, हेलिकॉप्टर निघालं, आणि या वाहिनीवर सकाळ-संध्याकाळ तिचाच चेहरा. बाईचा त्या मुलीवर राग नव्हता. तिच्या आईला टीव्हीवर रडताना पाहून तिनेही पदराने डोळे पुसले होते. पण रोज वाहिनीच्या दारात ठाण मांडून बसल्यावर आज कुठे तिच्या लेकीला जागा मिळत होती. बातम्यांच्या अगदी शेवटी, हवामानाच्या आधी.

“त्यांची मुलगी बेपत्ता होते आणि आमच्या रंगाची पोर पळून जाते,” बाई म्हणाली. “तेही ऐकून घेतलं. हे नाही ऐकणार. आहे तशीच दाखवा. गोरी करून शोधलीत तर सापडेल ती दुसऱ्याच कुणाची तरी.”

“मग राहू दे. आम्हाला बातम्यांची कमी नाही.”

बाईने टेबलावरचा लेकीचा फोटो उचलला आणि ती बाहेर पडली.

घरी नवऱ्याने ऐकलं आणि तो भडकला. “दाखवत होते ना? मग दाखवू द्यायचं! काळी काय न् गोरी काय, नाव तर तिचंच होतं! कुठे ताठ राहायचं तेवढंही कळत नाही तुला.” एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

त्याचं खरं असेल तर? आपल्या ताठ्यापायी लेकीची एकच वाट आपण बंद केली असेल तर?

त्या संध्याकाळी वाहिनीने बातमी लावलीच. न विचारता, तोच पांढुरका चेहरा घालून. दोघं फोनकडे बघत बसली. फोन वाजला नाही.

“उद्यापासून मीच दाखवते,” बाई म्हणाली.

तिने मूळ फोटो मोठा करून घेतला. एक प्रत आपल्या सीटमागच्या काचेवर चिकटवली, एक बसच्या पाठीवर. डेपो मॅनेजर धावत आला.

“बसवर खासगी काही लावता येत नाही. नियम आहे.”

“डॉक्टरांच्या मुलीचं पोस्टर आपल्या प्रत्येक बसवर आहे, साहेब. ते ज्या नियमाने लावलं, त्याच नियमाने हे लावलंय.”

“निलंबित करीन हं!”

“करा. गाडी फलाटावर लागलीय, माणसं चढलीत. फेरी कोण नेणार तेवढं सांगा.”

मागे उभे असलेले चालक हसले. त्यातल्या एकाने पुढे होऊन हात केला. “वहिनी, आणखी आहेत का फोटो? माझ्याही गाडीची काच रिकामीच आहे.” दुपारपर्यंत डेपोतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बसवर बाईची लेक होती, काळीसावळी, रुंद नाकाची, हसरी. मॅनेजर केबिनचं दार लावून बसला.

मग एकदा भर रस्त्यात एक प्रवासी बाई जागेवरून उठून पुढे आली. शेजारच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती.

“ताई, हा फोटो कुणाचा?”

“माझ्या मुलीचा.”

“ही आमच्या वॉर्डात आहे. जिवंत आहे. अनोळखी म्हणून लिहिलीय.”

बाईने गाडी कडेला घेतली. मागून एक म्हातारा ओरडला, “थांबलात कशाला? चला दवाखान्यात! आम्ही काही उतरत नाही.” भरलेली बस तशीच दवाखान्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली.

हमरस्त्यावर एका टेम्पोने लेकीला उडवलं होतं. कुणा भल्या माणसाने तिला तिथे आणून सोडलं होतं. पिशवी नाही, फोन नाही, डोक्याला मार. शुद्ध येत होती, जात होती, शब्द फुटत नव्हता. आईची हाक ऐकून तिने डोळे उघडले आणि गणवेशाची बाही मुठीत घट्ट धरली. सिस्टर पलंगाशी बसून बाईला किती तरी वेळ काही सांगत राहिली.

संध्याकाळी प्रोड्यूसर कॅमेरा घेऊन हजर झाला.

“आपण लाइव्ह आहोत,” तो कुजबुजला. “आमच्या बातमीमुळे लेक सापडली, एवढंच म्हणा.”

बाईने त्याच्या हातातला माइक धरला आणि सिस्टरच्या तोंडासमोर नेला. “यांना विचारा. यांनी पाहिलीय तुमची बातमी.”

सिस्टर आधी गडबडली. मग तिने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

“हो, पाहिली होती. वॉर्डातल्या टीव्हीचा आवाज बंद असतो, पण चेहरा दिसला. गोरी, नाजूक मुलगी. कुठे असेल बिचारी, म्हणून मी हळहळले. आणि तेव्हा मी हिचाच चेहरा पुसत होते.”