कोपऱ्यातलं घड्याळ

कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडकी कुठं उघडावी, कुठं सरकावी, हे ठरवणारा प्रोग्रॅम लिहिणं हेच ताईंचं काम. त्यांना ते शिकवलं शेजारच्या टेबलावरच्या काकांनी. सहा वाजले की काका ताईंच्या पडद्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवायचे. "घड्याळ झाकू नकोस गं. ऊठ, घरी जा. लेक वाट बघत असेल."

ताई कुठल्या ऐकायला! शेवटी काकांनी ताईंच्या कॉम्प्युटरपुरता एक नियमच लिहून टाकला: सहाच्या ठोक्याला सगळ्या खिडक्या घड्याळावरून बाजूला होणार. स्वतः काका मात्र कधी वेळेवर उठले नाहीत. एका संध्याकाळी काम करता करता खुर्चीतच वारले.

पुढं प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, तेव्हा तो नियम ताईंनीच जड मनानं काढला. तरी सहाला खिडक्या सरकायच्याच. ताईंनी दोनदा शोधलं. नियम कुठंच नव्हता. मग त्यांनी शोधणं सोडलं. "निघते हं, काका," म्हणून त्या उठायच्या.

आज भर दुपारीच खिडक्या सरकल्या.

"अजून वेळ आहे, काका," ताई हसून म्हणाल्या आणि खिडकी ओढून जागेवर आणली. ती परत सरकली. पुन्हा आणली, तर मिटलीच. मग बाकीच्याही भराभर मिटत गेल्या, काम जपून ठेवायचं का, हेसुद्धा न विचारता.

रिकाम्या पडद्यावर घड्याळ तेवढं उरलं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. पडद्यावर सहा.