घरची भाकणूक

इस्पितळात लगमाबाईने नवऱ्यापुढे पेजेचा चमचा पुन्हा धरला. सिद्धाप्पाने मान फिरवली.

"रुसलेत वाटतं आजोबा," नर्स हसली.

"रुसतायत कुठले! भाकणुकीआधी असंच उपाशी राहायचे."

"भाकणूक म्हणजे काय, आजी?"

"जत्रेत देव अंगात आला की पुढलं सांगायचं. पाऊस कुठं, रोगराई कुठं. चाळीस वर्षं सांगितलं यांनी, शब्द कधी खाली पडला नाही. फक्त घरचं भाकायचं नाही, असा नेम."

तो नेम त्याने कधीच मोडला नव्हता. लेक तापाने फणफणली तेव्हा लगमाबाईने त्याचे पाय धरले होते, "जगंल का, एवढं सांगा." तो उठून मेंढरांमागे निघून गेला. लेक वाचली नाही. त्या गप्पपणाला तिने जन्मभर माफ केलं नव्हतं.

नर्स गेल्यावर ती त्याच्या कानाशी वाकली. "अवो, आता तरी सांगा. घरला येताय नव्हं?"

सिद्धाप्पाने डोळे उघडले. भंडारा लावावा तशी रिकामी चिमूट त्याने तिच्या कपाळाला टेकवली.

"लगमा, मेंढरं विकून टाक."

लेकीच्या वेळी तो का बोलला नव्हता, ते तिला आता कळलं. तिने पेजेची वाटी झाकून ठेवली.